वेदीची कुठली बाजू? एर्नाकुलमच्या कुर्बाना-वादाचा प्रकरण अभ्यास

२३ आणि २४ डिसेंबर २०२२. नाताळ तोंडावर आलेला. केरळमधल्या एर्नाकुलमच्या सेंट मेरीज कॅथेड्रल बॅसिलिकात एकाच वेदीवर एकाच वेळी दोन मिस्सा, म्हणजे भाकर-द्राक्षरस अर्पणाच्या कॅथलिक उपासना, चालू होत्या. वेदीच्या मागच्या बाजूला काही धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे होते. पुढच्या बाजूला बॅसिलिकाचे प्रशासक धर्मगुरू वेदीकडे तोंड करून, म्हणजे लोकांकडे पाठ करून उभे होते. खरे तर दोन्ही पक्ष एकमेकांच्या समोरासमोर होते, मध्ये काय ती वेदीची रुंदी. भाषा तीच, भाकर आणि द्राक्षरस तोच. २४ तारखेला सकाळी माणसे वेदीपाशी चढली, ढकलाढकलीत वेदी आणि तिच्यावरचे साहित्य विस्कटले, पोलिसांनी चर्च रिकामे केले आणि दाराला कुलूप लागले. नाताळची मिस्सा तिथे झाली नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, धर्मगुरूने कुठे तोंड करावे यावर कोणी इतके भांडते का? पण वाद नुसत्या दिशेचा असता तर तो १९९९ सालीच मिटला असता. त्या वर्षी दिशेपुरता तोडगा निघाला होता, तोही दोन्ही बाजूंना अर्धे अर्धे देणारा. तो तोडगा कागदावर बावीस वर्षे पडून राहिला आणि मग अंमलात आणायला जेमतेम तीन महिने मिळाले. प्रकरण हाताबाहेर गेले ते यामुळे, असे आमचे मत आहे.

वाद कोणाचा

वसई, मुंबई किंवा गोव्यातले बहुतेक कॅथलिक लॅटिन विधीचे, म्हणजे रोमच्या उपासनापद्धतीचे. एर्नाकुलमचा वाद त्यांचा नाही. तो सिरो-मलबार चर्चचा आहे. पोपमहोदयांचे प्रमुखत्व मानणारी, पण स्वतःचा उपासनाविधी आणि स्वतःची सिनड (बिशपांची सभा) असणारी जी २३ पौर्वात्य चर्चेस आहेत, त्यांत युक्रेनियन चर्चच्या खालोखाल हे सर्वांत मोठे. भाविक पन्नास लाखांच्या घरात, धर्मप्रांत ३५. प्रमुखाला मेजर आर्चबिशप म्हणतात आणि त्यांचे पीठ एर्नाकुलम-अंगमाली हा महाधर्मप्रांत आहे. तीनशेहून अधिक धर्मग्रामे (पॅरिश), चारशेहून अधिक धर्मगुरू. म्हणजे सिनडचा निर्णय सर्वांत जोरात नाकारला गेला तो चर्चच्या प्रमुखाच्या स्वतःच्या घरात. हे ध्यानात घेतले नाही तर पुढचे काहीच नीट उलगडत नाही.

मिस्सेला हे लोक कुर्बाना म्हणतात. मूळ सुरियानी (सिरियाक) शब्दाचा अर्थ अर्पण. वादातले शब्द मराठी वाचकाला भाषांतराशिवाय कळतील असे आहेत: लोकांकडे तोंड करून होतो तो 'जनाभिमुख' कुर्बाना, वेदीकडे तोंड करून होतो तो 'अल्ताराभिमुख', आणि सिनडने ठरवलेला तो 'एकीकृत'. मल्याळम वर्तमानपत्रे हेच शब्द छापतात.

विधीत दिशा बदलते कुठे

सिरो-मलबार कुर्बाना पूर्व सुरियानी परंपरेचा आहे. त्याची मुख्य अर्पणप्रार्थना अद्दाई आणि मारी या प्रेषितांच्या नावाने ओळखली जाते आणि ती आजही वापरात असलेल्या सर्वांत जुन्या अर्पणप्रार्थनांपैकी एक मानली जाते. विधीचे ढोबळ तीन भाग पाडता येतात.

पहिला भाग शब्दविधीचा. महिमास्तोत्र, 'हे आमच्या स्वर्गीय बापा', स्तोत्रगान, मग वाचने, प्रवचन, विनवण्या. परंपरेने हा भाग बेमावर होतो. बेमा म्हणजे लोकांच्या बाजूचा, वाचनपीठ असलेला चौथरा. दुसरा भाग अर्पणाचा. भाकर आणि द्राक्षरस वेदीवर येतात, विश्वासांगीकार म्हटला जातो, मग अर्पणप्रार्थना, पवित्र आत्म्याचे आवाहन, भाकर मोडण्याचा विधी आणि ख्रिस्तप्रसाद. ही जागा मदबहा, म्हणजे वेदीचे पवित्र स्थान. जुन्या पद्धतीच्या चर्चमध्ये त्याच्यापुढे पडदा असतो. तिसरा भाग छोटा: उपकारस्तुती आणि निरोपाचा आशीर्वाद.

एकीकृत पद्धत सांगते की सुरुवातीपासून अर्पणप्रार्थनेपर्यंत धर्मगुरूचे तोंड लोकांकडे, अर्पणप्रार्थनेपासून ख्रिस्तप्रसादापर्यंत वेदीकडे, आणि त्यानंतर शेवटपर्यंत पुन्हा लोकांकडे. यालाच पन्नास-पन्नासचे सूत्र म्हणतात. नावावरून वाटते की घड्याळ लावून वेळ वाटून घेतली आहे, पण तसे नाही. वाटणी कामाची आहे: लोकांशी बोलायचे तेव्हा लोकांकडे, देवाला अर्पण करायचे तेव्हा वेदीकडे. ढोबळ तुलना करायची तर कीर्तनकार श्रोत्यांकडे तोंड करून उभा राहतो आणि आरतीला तोच सगळ्यांबरोबर मूर्तीकडे वळतो. आरतीच्या वेळी त्याने श्रोत्यांकडे पाठ फिरवली असे कोणी म्हणत नाही.

आणि खरी मेख या 'पाठ फिरवणे' शब्दांतच आहे. अल्ताराभिमुख पक्षाला तो शब्दप्रयोगच मान्य नाही. त्यांच्या मते धर्मगुरू लोकांच्या पुढे उभा राहून त्यांच्याच दिशेने, पूर्वेकडे, पुन्हा येणाऱ्या ख्रिस्ताकडे पाहत असतो. जनाभिमुख पक्षाला तिथे शेवटच्या भोजनाचे मेज दिसते. येशू शिष्यांकडे पाठ करून जेवायला बसला नव्हता, मग त्या भोजनाच्या स्मरणात वेदीभोवती जमलेल्या लोकांना धर्मगुरूचे हात आणि चेहरा का दिसू नयेत? दोन्ही चित्रे ख्रिस्ती परंपरेतलीच आहेत. दोन्ही पद्धतींनी झालेली मिस्सा वैधच असते, यावरही दुमत नाही.

इतिहासाचा गुंता

'जुने विरुद्ध नवे' असे सोपे रूप या वादाला देता येत नाही, कारण दोन्ही पक्ष आपल्याला मूळ परंपरेचे पाईक समजतात.

१५९९ साली गोव्याचे आर्चबिशप अलेशो द मेनेझिस यांनी उदयमपेरूर इथे सिनड भरवली आणि संत थॉमस ख्रिस्ती लोकांच्या, म्हणजे प्रेषित थॉमसचा वारसा सांगणाऱ्या केरळच्या जुन्या ख्रिस्ती समाजाच्या, सुरियानी विधीवर लॅटिन वळण चढवले. पुस्तके तपासली, प्रार्थना बदलल्या. १६५३ मध्ये ही धर्मसत्ता नाकारण्याची जी कूनन क्रूसाची शपथ घेतली गेली, तिच्यामागे याच पोर्तुगीज कारभाराचा राग होता. त्यानंतर जे लोक रोमशी जोडलेले राहिले, त्यांचा विधी तीन शतके सुरियानी भाषेत, पण लॅटिन पोशाखात आणि लॅटिन रीतीने चालत राहिला. १९२३ मध्ये त्यांना पुन्हा स्वतःची धर्माधिकाररचना मिळाली, एर्नाकुलम मुख्य पीठ ठरले. १९३४ मध्ये पोप पायस अकरावे यांनी ठरवले की लॅटिन वळण पक्के न करता मूळ सुरियानी विधी परत आणायचा. १९५७ मध्ये शुद्ध केलेल्या संहितेला मान्यता मिळाली आणि १९६२ पासून ती मल्याळममध्ये वापरात आली.

या सगळ्या काळात, लॅटिन वळणाच्या शतकांतही, धर्मगुरू वेदीकडेच तोंड करत असे. लोकांकडे तोंड करण्याची रीत ना सुरियानी, ना पोर्तुगीज. ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरची, म्हणजे १९६० च्या दशकातल्या कॅथलिक बिशपांच्या जागतिक परिषदेनंतरची. परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात दिशेबद्दल अक्षरही नाही. १९६४ च्या रोमच्या सूचनेत एवढेच आले की मुख्य वेदी भिंतीपासून सुटी असावी, तिच्याभोवती फिरता यावे आणि लोकांकडे तोंड करून मिस्सा करता यावी. ही सूचना लॅटिन चर्चसाठी होती, पण वारा सगळीकडे पसरला. एर्नाकुलमचे आर्चबिशप, पुढे कार्डिनल झालेले जोसेफ पारेकाट्टिल, भारतीयीकरणाचे खंदे पुरस्कर्ते होते. १९६८ मध्ये प्रयोगादाखल आलेल्या संक्षिप्त संहितेबरोबर एर्नाकुलम भागात जनाभिमुख कुर्बाना रुजला. एका पिढीचा बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तप्रसाद, लग्न आणि आईवडिलांची अंत्यविधीची मिस्सा, सगळे याच पद्धतीने झाले. त्यांच्यासाठी परंपरा म्हणजे हीच.

दुसरीकडे केरळमधल्याच चंगनाशेरी महाधर्मप्रांताने आणि आसपासच्या भागाने सुरियानी वारसा उचलून धरला. वेदीवरचा पडदा, संत थॉमसचा क्रूस, पूर्वेकडची दिशा. क्रूस कुठला लावायचा, येशूची मूर्ती असलेला की थॉमसचा मोकळा, यावरही तितकीच कडाक्याची भांडणे झाली. पूर्ण अल्ताराभिमुख कुर्बाना मागणाऱ्या या पक्षाला पन्नास-पन्नासचे सूत्र म्हणजे अर्धी माघार होती. हे एर्नाकुलमकडून बोलणारे सहसा सांगत नाहीत, पण सांगायला हवे. १९९६ मध्ये रोमच्या पौर्वात्य चर्चेससाठीच्या विभागाने काढलेल्या सूचनेत पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करण्याची परंपरा जपायला सांगितले होते. म्हणजे रोमचा कल या पक्षाकडे होता, तरीही त्यांनी अर्धे सोडले.

निर्णय, आणि बावीस वर्षांची ढिलाई

१९९९ मध्ये सिनडने एकमताने पन्नास-पन्नासचे सूत्र स्वीकारले. २००० पासून ते लागू व्हायचे होते. प्रत्यक्षात काही धर्मप्रांतांनी ते घेतले, काहींनी विरोध पाहून सूट मागितली, सूट मिळाली आणि ती चालूच राहिली. नियम एक आणि रिवाज तीन, असे चित्र झाले.

२०२१ मध्ये रोमने नव्या तक्साला, म्हणजे कुर्बान्याच्या पुस्तकाला, मान्यता दिली. ३ जुलै २०२१, संत थॉमसचा सण, त्या तारखेच्या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी एकीकृत पद्धत लवकर लागू करा असे कळकळीने सांगितले. ऑगस्टच्या सिनडने २८ नोव्हेंबर २०२१ ही सुरुवातीची तारीख ठरवली आणि २०२२ च्या ईस्टरपर्यंत काम पुरे करायचे म्हटले.

इथे पहिला कायदेशीर पेच पडला. एर्नाकुलमचा कारभार पाहणारे आर्चबिशप अँटनी करियिल रोमला जाऊन पोपमहोदयांना भेटले आणि त्यानंतर त्यांनी अख्ख्या महाधर्मप्रांताला सूट जाहीर केली. आधार होता पौर्वात्य चर्चेसच्या कायद्याचे कलम १५३८. हे कलम बिशपला विशेष प्रसंगी नियमातून सूट देण्याचा अधिकार देते. रोमच्या विभागाचे म्हणणे पडले की सूट ठरावीक व्यक्तींना, ठरावीक कारणासाठी आणि मुदतीपुरती असते. सरसकट दिलेली सूट म्हणजे सिनडचा कायदा एका बिशपने रद्द केल्यासारखेच. कायद्याच्या दृष्टीने रोमचे बरोबर होते, असे आम्हाला वाटते. पण तोवर लोकांपर्यंत पोहोचले होते ते एवढेच: पोपना भेटून आमच्या बिशपांनी आम्हाला सूट आणली, आणि आता ती काढून घेताहेत. जुलै २०२२ मध्ये करियिल यांना पद सोडावे लागले आणि त्रिशूरचे आर्चबिशप अँड्र्यूज ताझत्त प्रशासक म्हणून आले.

त्यात जमिनीचे जुने प्रकरण आधीपासून धुमसत होते. महाधर्मप्रांताच्या जमिनींच्या विक्रीवरून २०१७ पासून एर्नाकुलमचे धर्मगुरू आणि मेजर आर्चबिशप कार्डिनल जॉर्ज आलंचेरी यांच्यात तीव्र मतभेद होते, २०१८ मध्ये रोमने वर्षभरासाठी वेगळा प्रशासक नेमला होता. व्यवहारांबद्दल कोणाचे काय चुकले हा या लेखाचा विषय नाही. पण परिणाम उघड होता. ज्या कचेरीवरचा विश्वास उडाला होता, त्याच कचेरीतून 'वेदीकडे वळा' असा आदेश आला. तो उपासनेचा आदेश म्हणून कोणी वाचलाच नाही.

तीन महिन्यांत धर्मग्रामात काय काय बदलावे लागते

सिनडच्या पत्रकात हा बदल एका ओळीत मावतो. चर्चमध्ये तो मावत नाही, आणि या बाजूकडे फारच थोड्यांनी लक्ष दिले.

१९६० नंतर वेद्या पुढे आणल्या गेल्या, लोकांच्या जवळ. धर्मगुरूची उभी राहण्याची जागा वेदीच्या मागे, प्रशस्त. पुढच्या बाजूला मात्र चौथऱ्याची कड बहुधा जवळच असते. आता अर्पणप्रार्थनेसाठी धर्मगुरूला या पुढच्या बाजूला यायचे असते, तिथे खोल वाकायचे असते, मागे सरायचे असते, पायघोळ झगा सांभाळत वळायचे असते. मागे पायरी असेल तर पडण्याची भीती खरी आहे, विशेषतः वयस्क धर्मगुरूंना. उपाय दोनच: चौथरा तीन-चार फूट पुढे वाढवणे किंवा वेदी मागे सरकवणे. दगडी वेदी जमिनीत पक्की बसवलेली असते आणि तेलाने अभिषिक्त केलेली असते. ती मेजासारखी उचलून ठेवता येत नाही.

मग आवाज. वेदीवरचा मायक्रोफोन मागून बोलणाऱ्याकडे वळवलेला असतो. धर्मगुरू पुढे आला की त्याचा आवाज समोरच्या भिंतीवर आदळतो आणि लोकांना पुटपुट ऐकू येते. 'आता फादर काय म्हणतात तेच कळत नाही' ही तक्रार बऱ्याचदा दिशेची नसते, माइकची असते. झग्याला लावायचा माइक घेतला की ती निम्मी कमी होते. स्पीकर त्याच्या पाठीमागे, लोकांच्या डोक्यावर असले तर शिटी वाजते, तेही आधी तपासून घ्यावे लागते.

पुस्तकाचा ठोकळा, चषक, थाळी यांची मांडणी उलटी होते. वेदीसेवकांच्या जागा बदलतात. ख्रिस्तशरीर उंचावताना हात छातीपर्यंत नेऊन चालत नाही, ते डोक्याच्या वर न्यावे लागते, नाहीतर मागच्यांना काहीच दिसत नाही. शांतीचे अभिवादन आणि आशीर्वाद देताना लोकांकडे कधी वळायचे, वळून पुन्हा कुठल्या अंगाने फिरायचे, हे सगळ्या धर्मगुरूंनी एकाच रीतीने केले नाही तर लोकांचे प्रतिसाद अडखळतात. पन्नास वर्षे हातांच्या हालचाली पाहून उत्तरे देणाऱ्या माणसाला आता कानावर विसंबायचे असते.

यातले काहीच अवघड नाही. पण वेळ लागतो, पैसा लागतो, आणि मुख्य म्हणजे आधी काही रविवार प्रवचनातून का बदलतो आहोत हे सांगावे लागते. जिथे धर्मगुरूलाच बदल मान्य नव्हता, तिथे हे सांगणार कोण?

चिघळत गेलेली दोन वर्षे

पुढचा घटनाक्रम थोडक्यात. नोव्हेंबर २०२२ मध्ये बॅसिलिका एकदा बंद झाली होती, डिसेंबरात वर सांगितलेला प्रसंग घडला. पुढे वर्षाहून अधिक काळ तिची दारे मिस्सेसाठी उघडली नाहीत. जुलै २०२३ च्या अखेरीस स्लोव्हाकियाचे आर्चबिशप सिरिल वासिल पोपमहोदयांचे प्रतिनिधी म्हणून नेमले गेले. १४ ऑगस्टला ते पोलीस बंदोबस्तात बॅसिलिकात गेले तेव्हा बाहेर निदर्शने झाली, अंडी आणि बाटल्या फेकल्या गेल्या. ७ डिसेंबर २०२३ ला पोप फ्रान्सिस यांनी थेट महाधर्मप्रांताला उद्देशून चित्रफीत पाठवली, पंथ बनू नका, चर्च म्हणून राहा, येत्या नाताळापर्यंत एकीकृत कुर्बाना स्वीकारा असे बजावले. त्याच दिवशी कार्डिनल आलंचेरी आणि आर्चबिशप ताझत्त यांचे राजीनामे मंजूर झाले. जानेवारी २०२४ मध्ये राफाएल थट्टिल नवे मेजर आर्चबिशप निवडले गेले.

धमकीचा अंकही आला. जून २०२४ च्या पत्रकात म्हटले होते की ३ जुलैपासून एकीकृत कुर्बाना न करणारे धर्मगुरू चर्चच्या एकोप्याबाहेर गेलेले समजले जातील. चारशे धर्मगुरूंना एका सकाळी बाहेर काढले तर दुसऱ्या रविवारी तीनशे धर्मग्रामांत मिस्सा कोण करणार, याचे उत्तर पत्रकात नव्हते. तारीख उजाडण्याआधीच भाषा मवाळ झाली. या ओढाताणीत सर्वांत वाईट वाटते ते डिकनांचे. आठ-नऊ वर्षे शिकून गुरुदीक्षेच्या उंबरठ्यावर आलेली तरुण मुले, 'एकीकृत कुर्बानाच करीन' असे लिहून देत नाहीत म्हणून बराच काळ ताटकळत राहिली. त्यांनी कुठलेच भांडण सुरू केले नव्हते.

महाराष्ट्रातही याची झळ आहे. सिरो-मलबार चर्चचा कल्याण धर्मप्रांत १९८८ मध्ये स्थापन झाला. मुंबई, ठाणे, पुण्याकडच्या त्याच्या धर्मग्रामांत एर्नाकुलमहून आलेले घर आणि चंगनाशेरीहून आलेले घर एकाच बाकावर बसते. गावाकडच्या वादाची बातमी दोघांच्या फोनवर येते, पण रविवारी मिस्सा एकच असते.

जून २०२५ चा तोडगा

जानेवारी २०२५ मध्ये आर्चबिशप जोसेफ पाम्प्लानी यांच्याकडे एर्नाकुलमचा कारभार आला आणि बोलणी पुन्हा सुरू झाली. जूनमध्ये ठरले ते असे: ३ जुलै २०२५ पासून प्रत्येक धर्मग्रामात रविवारी आणि बंधनकारक सणांना किमान एक कुर्बाना एकीकृत पद्धतीने व्हावा, बाकीचे जनाभिमुख चालू शकतील.

कट्टर मंडळी दोन्हीकडची नाराज आहेत. सिनडचा कायदा एका महाधर्मप्रांतापुरता वाकवला, असे एक म्हणतात. दुसरे म्हणतात, आधी एक, मग दोन, मग सगळेच. तरीही १९९९ च्या सूत्रापेक्षा हा तोडगा शहाणा आहे, कारण तो विधीचे नाही तर वेळापत्रकाचे दोन भाग करतो. ज्याला जे हवे त्याने त्या वेळेला यावे. एकीकृत कुर्बाना न पाहताच नाकारणाऱ्यांना तो निदान डोळ्यांनी पाहायला मिळतो.

जिथे रविवारी एकच मिस्सा होते, अशा लहान धर्मग्रामात मात्र हे वेळापत्रक चालत नाही. ती एक मिस्सा कोणाची? अशा ठिकाणी दुसरी मिस्सा वाढवायची तर धर्मगुरू एकटा असतो, शेजारच्या धर्मग्रामातून कोणी यावे लागते.

मोठ्या धर्मग्रामांचे काम आता फलकावर आले आहे. मिस्सांच्या वेळांच्या यादीत प्रत्येक वेळेपुढे कुठला कुर्बाना ते लिहायचे. आणि दोन मिस्सांच्या मधल्या वेळात वेदीसेवकाने पुस्तकाचा ठोकळा आणि चषक वेदीच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला न्यायचा, माइक फिरवायचा, वेदीवरचे कापड हाताने सारखे करायचे, आणि पुढच्या मिस्सेची घंटा द्यायची.